४५-७० चं ४०५ ग्रेन फॅक्टरी काडतूस जुन्या ट्रॅपडोअरमधून: शिकारीला पुरतं का?

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना सगळं वाचत बसायला नको. हे काडतूस हरणाला पुरतं, काळ्या अस्वलाला पुरतं, आणि अंतर जपलंत तर एल्कलाही, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या हरणालाही, पुरतं. पण जुन्या रायफलवाल्यांचा नेहमीचा प्रश्न असतो ना, "यात ताकद आहे का", तो प्रश्नच थोडा चुकीच्या जागी विचारला जातो असं मला वाटतं. ताकद भरपूर आहे हो. कमी पडते ती गोळीची सरळ जायची क्षमता, आणि ते कळलं नाही की माणूस नको तिथे, म्हणजे दारू वाढवण्यात, उपाय शोधायला लागतो आणि दीडशे वर्षं जुनी रायफल खराब करतो, किंवा स्वतःचा डोळा गमावतो.

तर वस्तू काय आहे ते सांगतो. ४५-७० गव्हर्न्मेंट, ४०५ ग्रेनची सॉफ्ट पॉइंट गोळी, म्हणजे तांब्याचं आवरण पण टोकाला शिसं उघडं, बिनधुराची दारू, फॅक्टरीतून भरून आलेलं. रेमिंग्टनच्या यादीत हे वर्षानुवर्षं आहे, आणि त्यांचा छापील वेग नळीच्या तोंडाशी सेकंदाला १३३० फूट, ऊर्जा १५९० फूट-पाउंडच्या आसपास. ४०५ ग्रेन म्हणजे सव्वीस ग्रॅमच्या वर, हातात घेतली की नुसतं शिसं जाणवतं. आणि हा वेग मुद्दामच इतका ठेवलाय, कारण १८७३ साली अमेरिकन सैन्याने हे काडतूस घेतलं तेव्हा ४०५ ग्रेनची शिशाची गोळी आणि ७० ग्रेन काळी दारू होती, आणि वेग १३५० च्या आसपासच निघायचा. म्हणजे आजचं हे काडतूस जवळजवळ तेच काम करतं, फक्त धूर नाही आणि शिकार संपल्यावर साबणाच्या पाण्याने नळी धुवायचा कार्यक्रम नाही.

रायफल माझी मॉडेल १८८४ ट्रॅपडोअर, म्हणजे अमेरिकन सैन्याची जुनी एकेक गोळी भरायची रायफल आहे, लांब नळीची, साडेबत्तीस इंच. ज्यांनी वापरली नाही त्यांच्यासाठी सांगतो, घोडा अर्धा ओढायचा, उजव्या बाजूच्या पात्याला अंगठा लावून मागचा ठोकळा वर उचलायचा, काडतूस आत सारायचं, ठोकळा खाली दाबायचा, घोडा पूर्ण ओढायचा आणि मग चाप. एक गोळी, झालं. दुसरी गोळी मारायची तर हे सगळं पुन्हा. त्यामुळे पहिल्या गोळीचा विचार जास्त होतो आणि मला हे फार आवडतं, पण ते जाऊदे.

आता ताकदीचं. बहुतेक लोक काय करतात, पेटीवरचा ऊर्जेचा आकडा बघतात आणि आपल्या नव्या रायफलशी तुलना करतात. तिकडे ३०-०६ या आजच्या नेहमीच्या काडतुसातून २८००-२९०० फूट-पाउंड निघतात, इकडे १५९०, मग म्हणतात हे तर अर्ध्यावरच आलं. शंभर यार्डांवर तर या ४०५ ग्रेनची छापील ऊर्जा १२२७ फूट-पाउंडच उरते, दोनशेवर हजारच्या आसपास. हे आकडे वाचून माणूस घाबरणारच. पण मला एक सांगा, २२३ या हलक्या, वेगवान काडतुसाच्या ५५ ग्रेनच्या गोळीची नळीच्या तोंडाशी ऊर्जा १२८२ फूट-पाउंड आहे. म्हणजे कागदावर २२३ नळीबाहेर पडताना जेवढी ताकदवान, त्याहूनही हे ४५-७० शंभर यार्डांवर किंचित कमी! आता २२३ घेऊन एल्कच्या मागे कोण जाईल? कोणीच नाही. आणि शंभर यार्डांवर एल्कच्या फऱ्यावर ४०५ ग्रेनची गोळी बसली तर काय होतं हे ज्यांनी बघितलंय त्यांना हा आकडा दाखवला तर ते कागद बाजूला ठेवतील.

असं का होतं ते गणितातच आहे. ऊर्जेच्या सूत्रात वेगाचा वर्ग होतो आणि वजन नुसतं एकदाच येतं. ग्रेनमधलं वजन गुणिले फूट-सेकंदातला वेग गुणिले परत तोच वेग, भागिले ४५०२४०, असं ते गणित. म्हणजे हलक्या आणि सुसाट गोळीला हे सूत्र डोक्यावर घेतं आणि जड, सावकाश गोळीला मार्क कमी देतं. तेच वेगाचा वर्ग न करता नुसतं वजन गुणिले वेग करून बघा, शंभर यार्डांवरच्या या ४०५ ग्रेनचा वेग ११६८, तर गुणाकार पावणेपाच लाखांच्या जवळ जातो, आणि २२३ चा तोंडाशी असलेला गुणाकार पावणेदोन लाखांच्या थोडाच वर. अडीच पटीहून जास्त फरक. मी असं म्हणत नाही की हा दुसरा आकडाच खरा आणि पहिला खोटा. दोन्ही आकडे जनावर मारत नाहीत, भोक मारतं, आणि ते भोक किती रुंद, किती खोल आणि कुठून जातं हे महत्त्वाचं. पण एकाच आकड्यावर निकाल लावू नका एवढंच.

अर्थात कायदा आकड्यावरच चालतो, तिथे वाद नाही. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्याचं उदाहरण घ्या, तिथे मोठ्या जनावरांच्या शिकारीला रायफल किमान २४ कॅलिबरची हवी, गोळी हरणाला किमान ७० ग्रेन आणि एल्कला ८५ ग्रेन, आणि शंभर यार्डांवर १००० फूट-पाउंड ऊर्जा हवी. आपलं काडतूस १२२७ ने त्यात बसतं. पण सगळीच जुनी काडतुसं बसत नाहीत हे लक्षात ठेवा, नाहीतर वडिलोपार्जित रायफल घेऊन जाल आणि टॅग, म्हणजे शिकारीचा परवाना, खिशात असूनही नियमात अडकाल. ३८-५५ चं २५५ ग्रेनचं फॅक्टरी काडतूस १३२० फुटांनी निघतं, त्याची ऊर्जा नळीच्या तोंडाशीच ९८७, शंभर यार्डांवर ८०० च्या आसपास. नापास. ४४-४०, जी विंचेस्टर १८७३ रायफलीबरोबर घराघरात पोचली, तिची २०० ग्रेनची गोळी ११९० फुटांनी निघते, तोंडाशी ६२९ फूट-पाउंड. तीही नापास, आणि माझ्या मते ४४-४० च्या बाबतीत हा नियम बरोबरच आहे, तिने हरणं पुष्कळ मेली असतील, पण ती अगदी जवळून, आणि किती जखमी होऊन निघून गेली याची नोंद कोणी ठेवली नाही. ३८-५५ च्या बाबतीत मात्र मला वाईट वाटतं. पन्नास-साठ यार्डांवरच्या झाडीत ते हरणासाठी चांगलं आहे, पण नियम तो नियम, आपल्या राज्याचं पुस्तक आधी वाचा.

आणि ४५-७० मध्येही एक खाच आहे. घोडदळाच्या आखूड कार्बाइनसाठी सैन्याने ५५ ग्रेन दारूचं वेगळं काडतूस काढलं होतं, गोळी तीच ४०५ ची, वेग साधारण ११००-११५०. आजही बरेच लोक खांद्याला त्रास नको म्हणून टार्गेटसाठी असंच हलकं काडतूस वापरतात, कागदावर भोकं पाडायला ते सुंदर आहे. पण त्याची शंभर यार्डांवरची ऊर्जा हजारच्या खालीच येते. म्हणजे पेटीवर ४५-७० आणि ४०५ ग्रेन दोन्ही लिहिलेलं असूनही ते कोलोराडोत चालणार नाही. वेगाचा आकडा वाचल्याशिवाय पेटी उचलू नका. आणि शक्य असेल तर स्वतःच्या रायफलमधून क्रोनोग्राफवर वेग मोजा, छापील वेग कारखान्याच्या टेस्ट नळीतला असतो, तुमच्या नळीतला नाही. माझ्या लांब नळीतून वेग छापील आकड्याच्या जवळपास राहिला, थोडा वरच, त्यामुळे मी तो विषय तिथेच सोडला.

गोळी आत जाऊन काय करते हे बघायला मी वर्तमानपत्रांचे गठ्ठे रात्रभर पाण्यात भिजवून, घट्ट बांधून, एकामागे एक लावले आणि शंभर यार्डांवरून मारून बघितलं. हा काही मांसाचा पर्याय नाही, ओला कागद मांसापेक्षा जास्त अडवतो, पण दोन गोळ्यांची आपसात तुलना करायला उत्तम. ४०५ ग्रेनची गोळी पार शेवटच्या गठ्ठ्यांत जाऊन बसली. बाहेर काढली तर पुढचं शिसं बसक्या छत्रीसारखं थोडं पसरलेलं, कडेला तांब्याचं आवरण मागे मुडपलेलं, पण बूड शाबूत, आणि वजन जवळजवळ तेवढंच. खूप फुलली नव्हती. आणि मला तेच हवं होतं, कारण मुळात ती जवळजवळ अर्ध्या इंचाची आहे, पॉइंट ४५८. बाकीच्या गोळ्या फुलून जेवढ्या व्हायची धडपड करतात, ही तेवढी सुरुवातीपासूनच असते.

मग त्याच दिवशी ३०० ग्रेनची होलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळी असलेली गोळी, मारून बघितली, तीही फॅक्टरीचीच. ही छापील १८५० फुटांनी निघते, ऊर्जा २२८०, म्हणजे कागदावर ४०५ पेक्षा कितीतरी ताकदवान. ओल्या कागदात मात्र ती मोठा खड्डा करून बऱ्याच आधी थांबली, आवरण एकीकडे आणि शिसं एकीकडे. हरणाच्या फासळ्यांमधून मारायला ती चालेल, कदाचित जागच्या जागी पाडेलही. पण एल्कच्या किंवा मोठ्या अस्वलाच्या फऱ्याच्या हाडावर मी ती मारणार नाही. इथे बघा ऊर्जेचा आकडा किती फसवतो, २२८० वाली आधी थांबते आणि १५९० वाली पार जाते. जाडीच्या मानाने वजन किती याचं एक माप असतं, सेक्शनल डेन्सिटी, ४०५ ची ती पॉइंट २७६ आणि ३०० ची पॉइंट २०४. ३०-०६ च्या १८० ग्रेनची पॉइंट २७१ आहे. तर खोल जाण्याच्या बाबतीत आपली म्हातारी गोळी ३०-०६ च्या पंगतीत बसते.

प्रत्यक्ष शिकारीत मी ही हरणावर वापरली. सत्तर यार्डांच्या आत, आडवं उभं, फऱ्याच्या लगेच मागे. ठोका बसल्याचा आवाज परत आला, तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही, हरीण थोडं पळालं आणि पडलं. गोळी आरपार. आत शिरल्याचं भोक आणि बाहेर पडल्याचं भोक यांत फार फरक नव्हता, पण दोन्हीकडून रक्त होतं त्यामुळे माग काढायला त्रास पडला नाही. आणि भोकाच्या अवतीभवतीचं मांस अगदी स्वच्छ, वेगवान गोळीने जसा रक्ताळलेला लगदा होतो आणि अख्खा फरा फेकून द्यावा लागतो तसं काही नाही. मला याचं फार महत्त्व वाटतं. जनावर मारायचं तर त्याचं मांस वाया जाता कामा नये.

मात्र एक समजून घ्या, वेगवान गोळीने जो धक्का बसतो, हरीण जागीच कोसळतं, तो प्रकार इथे धरून चालू नका. ही गोळी सावकाश जाते, भोक पाडते, फुप्फुसं रिकामी होतात आणि जनावर काही क्षणांनी पडतं. गोळी मारल्यावर हरीण उड्या मारत गेलं म्हणजे ताकद कमी पडली असा अर्थ लावू नका. जागेवर थांबा, रायफल परत भरा, आणि मग माग काढा.

आता मुख्य अडचण, जी मी सुरुवातीला म्हटली. शंभर यार्डांवर झीरो केलं, म्हणजे तिथे गोळी नेमक्या नेमावर बसेल अशी साइट जुळवली, तर मधे पन्नासवर गोळी दोनेक इंच वर असते, सव्वाशेवर चारेक इंच खाली, दीडशेवर नऊ इंचांच्या आसपास खाली, आणि दोनशेवर दोन फुटांहून जास्त खाली! अडीचशेवर चार फूट. हरणाच्या छातीतली मर्माची जागा आठेक इंचांची धरतात. म्हणजे सव्वाशे यार्डांपर्यंत तुम्ही बिनदिक्कत मधोमध नेम धरू शकता, दीडशेवर अंतर नीट माहीत असायला हवं, आणि दोनशेवर तुम्ही पन्नास यार्डांनी चुकलात तर गोळी दोन फुटांनी चुकली, म्हणजे एक तर जनावराच्या पायाखालची माती उडाली किंवा, जे जास्त वाईट, पाय मोडला. ताकद तिथेही आहे, दोनशे यार्डांवर हजार फूट-पाउंड घेऊन सव्वीस ग्रॅम शिसं येतंय, हरणाला कोणत्या दिवशी ते पुरणार नाही? पण ते हव्या त्या जागी पोचवता येणं ही वेगळी गोष्ट. त्यात साधारण एकशे तीस-चाळीस यार्डांच्या आसपास गोळी आवाजाच्या वेगाच्या खाली येते, आणि दोनशेवर ताशी दहा मैलांचा आडवा वारा तिला दहाएक इंच ढकलतो. रेंजफाइंडर घेऊन, बसून, टेकू लावून, शांतपणे कोणी दोनशेवर मारत असेल तर त्याला मी नावं ठेवणार नाही, पण माझी हद्द सव्वाशे आणि उघड्या, म्हणजे दुर्बीण नसलेल्या, साइट्सवर मी ती वाढवणार नाही.

साइट्सवरून आठवलं. ट्रॅपडोअरच्या मूळ साइट्स सैन्यासाठी बनवल्या आहेत, लांबवर ओळीने उभ्या असलेल्या माणसांवर मारायला. सगळ्यात खालच्या खुणेवर ठेवली तरी शंभर यार्डांवर गोळी बरीच वर लागते, आणि नवीन माणसाला वाटतं काडतूसच खराब आहे. काडतूस खराब नाही, पुढची माशी, म्हणजे नळीच्या तोंडाजवळची नेमाची खूण, बुटकी आहे. उंच माशी बसवून घ्या, मूळची माशी नीट पुडीत बांधून ठेवा, कारण रायफलची किंमत मूळ भागांवर असते, आणि मग हळूहळू कानशीने घासत नेम खाली-वर जुळवा. घासताना अंदाजाने घासू नका, दोन-तीन फटके, मग गोळी, मग परत दोन-तीन फटके. १८८४ च्या मॉडेलला बफिंग्टन साइट आहे, तिला डावं-उजवं करायचा स्क्रू आहे, त्यामुळे तेवढं तरी सोपं जातं.

माझ्या रायफलने या काडतुसाचे शंभर यार्डांवर चार इंचांच्या आत गट दिले, उघड्या साइट्सने, टेकून. शिकारीला पुरेसं आहे, पण शिशाच्या गोळीने यापेक्षा चांगले गट येतात, आणि इथे मला या काडतुसाचे मार्क कमी करावे लागतात. कारण असं की या जुन्या नळ्या आतून सारख्या मापाच्या नाहीत. पॉइंट ४५८ छापलेलं असतं पण आट्यांच्या, म्हणजे नळीतल्या पिळाच्या खाचांच्या, तळाशी मोजलं तर पॉइंट ४६० किंवा त्याहूनही जास्त निघू शकतं. काळी दारू एकदम पेटून मऊ शिशाच्या गोळीला मागून दणका द्यायची, गोळी फुगून आट्यांत घट्ट बसायची, सगळी रचनाच तशी होती. तांब्याचं आवरण असलेली गोळी तशी फुगत नाही, बाजूने गॅस निसटतो, नेम पसरतो. शिवाय त्या काळचं पोलाद आजच्या मानाने मऊ, आवरणाच्या गोळ्या वर्षानुवर्षं मारल्या तर आटे झिजणार. म्हणून मी हे फॅक्टरी काडतूस शिकारीपुरतं आणि झीरो बघण्यापुरतं वापरतो, सरावाला शिशाचंच.

नळी मोजणार असाल तर एक गोष्ट सांगतो जी लवकर कोणी सांगत नाही. मऊ शिशाचा गोळा तेल लावून गजाने नळीतून पार काढायचा आणि त्याचं माप घ्यायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ट्रॅपडोअरला तीनच आटे आहेत. तीन म्हणजे एका आट्याच्या समोर दुसरा आटा येतच नाही, समोर उंचवटा येतो. त्यामुळे साध्या कॅलिपरच्या दोन जबड्यांत धरून खरं माप मिळत नाही, कमीच दिसतं, आणि तुम्ही त्या खोट्या मापावर गोळ्या मागवता. व्ही आकाराच्या ठोकळ्याचा मायक्रोमीटर लागतो, किंवा सरळ गनस्मिथकडे घेऊन जा. नाहीतरी पहिली गोळी मारायच्या आधी त्याच्याकडे जायलाच हवं, ठोकळ्याच्या बिजागरीत खेळ आहे का, मागची खिट्टी पूर्ण बसते का, फायरिंग पिन नीट आहे का, चेंबरमध्ये गंजाचे खड्डे आहेत का, हे डोळ्यांनी बघून सांगणारा माणूस हवा. सुस्थितीतल्या रायफलबद्दल मी बोलतोय, भिंतीवर पन्नास वर्षं टांगलेल्या रायफलबद्दल नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, कृपा करून हे मनावर घ्या. ४५-७० ही एकच चेंबर आहे पण तिच्यात बसणारी काडतुसं एक नाहीत. हातभरणीच्या, म्हणजे काडतुसं स्वतः भरायच्या, पुस्तकांत ४५-७० चे सरळ तीन वर्ग केलेले असतात, एक ट्रॅपडोअरसारख्या जुन्या रायफलींसाठी, दुसरा आजच्या लिव्हर रायफलींसाठी, तिसरा रुगर नंबर वनसारख्या दणकट सिंगल शॉटसाठी. तिन्ही वर्गांची काडतुसं बाहेरून सारखीच, तिन्ही तुमच्या जुन्या रायफलमध्ये आरामात शिरतात, ठोकळा बंदही होतो. कोणतीही गोष्ट अडवत नाही. सामी या अमेरिकन संस्थेने ४५-७० ची दाबाची मर्यादा २८००० पीएसआय ठेवलीय ती या जुन्या रायफली डोळ्यांसमोर ठेवूनच, पण काही कंपन्या त्याच्या वरच्या दाबाची काडतुसं विकतात, नव्या रायफलींसाठी, आणि पेटीवर तसं लिहितातही. ती पेटी वाचा. सुटी काडतुसं कोणाकडून घेऊ नका, पेटीशिवाय घेऊ नका, आणि दुसऱ्याने हाताने भरलेलं काडतूस, तो कितीही जवळचा असो, जुन्या रायफलमध्ये घालू नका. आपलं हे ४०५ ग्रेन १३३० फुटांचं काडतूस मला आवडायचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे की ते या जुन्या रायफली लक्षात घेऊन मुद्दाम मवाळ ठेवलंय.

लोक विचारतात, थोडी दारू वाढवली तर दोनशेपर्यंत नेता येईल का. समजा तुम्ही धोका पत्करून सेकंदाला दीडशे-दोनशे फूट वाढवलेत. गोळीचा आकार तोच, हवेत वेग तसाच झपाट्याने कमी होणार, दोनशेवरची घसरण थोडी कमी होईल, पण तुमचा सव्वाशेचा पल्ला फार तर दहा-वीस यार्डांनी वाढेल. त्या दहा-वीस यार्डांसाठी एर्स्किन ॲलिनने स्प्रिंगफील्डच्या कारखान्यात आखलेल्या त्या बिजागरीवर दर गोळीला जास्तीचा ताण द्यायचा? तेवढे यार्ड पायांनी कमी करा ना. वाऱ्याची दिशा बघा, खाली वाका, रांगत जा. ज्याला लांबून मारायचं आहे त्याच्यासाठी नव्या रायफली आहेत आणि त्यात काही कमीपणा नाही.

धक्क्याबद्दल थोडक्यात. रायफल नऊ पाउंडांच्या आसपास, धक्का मोठा आहे पण सावकाश, खांदा मागे ढकलतो, झटका देत नाही. मागची धातूची पट्टी मात्र वक्र आहे, ती खांद्याच्या खोबणीत नीट बसवा, दंडावर टेकवलीत तर टोक रुतेल.

एल्कचं शेवटी बोलतो, कारण त्यावर सगळ्यात जास्त वाद होतात. एल्कला १५०० फूट-पाउंड लागतात असा एक चालत आलेला ठोकताळा आहे, आणि त्या हिशेबाने हे काडतूस नळीतून बाहेर पडल्यावर काही पावलांतच नापास होतं. पण याच वजनाच्या, याच वेगाच्या आसपासच्या गोळ्यांनी १८७० च्या दशकात बायसनचे कळप संपवले, ते चांगलं झालं नाही पण बायसन एल्कच्या दुप्पट-तिप्पट असतो हे खरं आहे. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८४ साली बिगहॉर्न डोंगरात ग्रिझली अस्वल मारलं ते विंचेस्टर १८७६ रायफलीतून, ४५-७५ काडतुसाने, आणि त्याची गोळी तर ३५० ग्रेनचीच. म्हणून शंभर यार्डांच्या आत, आडवा किंवा किंचित तिरका उभा असलेला एल्क, तर मी हे काडतूस निःशंकपणे वापरेन. मागून, पाठमोऱ्यावर, नाही. झाडीआड अर्धा दिसत असेल तर नाही, जड गोळी झुडपातून सरळ जाते हा समज खरा नाही, फांदीला लागली की तीही वळते. दीडशेवर एल्क उभा आहे आणि संध्याकाळ होत आली आहे, तरीही नाही. मला एल्कसाठीच निवडायचं असतं तर याच वेगाची, चपट्या तोंडाची, आवरण नसलेली शिशाची गोळी निवडली असती, नळीच्या मापाची, कारण चपटं तोंड गोल तोंडापेक्षा कापत जातं आणि जखम रुंद होते. ते माप फॅक्टरीच्या पेटीत प्रत्येकाला मिळेलच असं नाही. ज्याला मिळत नाही किंवा हाताने भरायचं नाही त्याला हे ४०५ सॉफ्ट पॉइंट डोळे झाकून घ्या म्हणेन, पाचपैकी चार मार्क, एक मार्क आवरणामुळे कापला. पेटी आणली की आधी पाच-सहा गोळ्या थंड नळीतून, वेगवेगळ्या दिवशी मारून बघा, पहिली गोळी कुठे लागते तेवढंच टिपून ठेवा. शिकारीत तीच मारायची आहे.